सांगलीत बसून इंडी अल्बमची एलपी मागवायची असेल, तर आधी घरातली सुई बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विश्रामबागेत राहणाऱ्या एकांना परदेशातल्या एका इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे गाणी काढणाऱ्या, गायिकेचा अल्बम एलपीवर, म्हणजे व्हायनिलच्या मोठ्या रेकॉर्डवर, घ्यायचा आहे. गाणी तिचीच, आवाज तिचाच, साथीला एक गिटार आणि कुठे कुठे चेलो. बँडकॅम्पवर (कलाकार जिथे आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ) रेकॉर्डची किंमत 28 डॉलर आणि सांगलीपर्यंतची पाठवणी 30 डॉलर. काळी, निळी पारदर्शक आणि चित्र छापलेली पिक्चर डिस्क अशा तीन आवृत्त्या आहेत. कोणती घ्यावी, कस्टम्सचे किती जातील, आणि "घरी आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे, अजून फिरतो, त्यावर चालेल ना?"

तुम्ही शेवटी सहज विचारलेला प्रश्नच इथे सगळ्यात मोठा आहे. रंग चुकला तर थोडी हळहळ होईल. सुई चुकली तर सात हजारांची रेकॉर्ड मोजक्या वेळा वाजवूनच खराब होईल, आणि ते नुकसान कुठल्याही धुण्यापुसण्याने भरून निघत नाही.

त्यात तुमचा अल्बम शांत आहे. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळात थोडी खरखर बुडून जाते. एकटा गळा आणि एक गिटार असेल तर दोन ओळींमधल्या श्वासातही प्रत्येक टक् ऐकू येतो. तानपुरा जुळवताना शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा खटकतो, हे मिरजेशेजारी राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून पुढचा सगळा सल्ला अशा शांत अल्बमला धरून आहे. मेटल बँडची एलपी असती तर काही मुद्दे मी सोडून दिले असते.

आधी फिएस्टा. झाकण उघडा, हात उचला आणि त्याच्या टोकाकडे भिंगातून बघा. त्या काळच्या पेटी-प्लेअरमध्ये सहसा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिची थरथर विजेत बदलणारा भाग) असतं आणि सुई उलटी करायची बारीक दांडी असते. एका बाजूला 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. 78 वाल्या सुईचं टोक साधारण 75 मायक्रॉनचं, एलपीचं 18 ते 25 मायक्रॉनचं. आपल्या भागातल्या जुन्या घरांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वगैरे लाखेच्या तबकड्या अजून सापडतात. त्यांची खाच रुंद असते. त्यांना लागणारी सुई एलपीच्या खाचेत नीट उतरतच नाही, ती वरच्या कडा घासत जाते.

सुई बरोबर बाजूची असली तरी दोन अडचणी उरतात. पहिली म्हणजे भार. ही कार्ट्रिजं सहसा 5-6 ग्रॅम किंवा त्याहून जास्त भाराने खाचेवर दाबतात, आणि आजच्या साध्या चांगल्या कार्ट्रिजला 2 ते 3.5 ग्रॅम पुरतात. दुसरी अडचण लवचिकतेची. स्टिरिओ एलपीत दोन चॅनेल खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेले असतात, त्यामुळे सुईला आडवं हलण्याबरोबर वरखालीही हलावं लागतं. निव्वळ मोनोसाठी बनवलेल्या कार्ट्रिजला वरखाली लवताच येत नाही. मग सुई हलायच्या ऐवजी खाच झिजते, आणि आधी झिजतात त्या सगळ्यात बारीक रेघा, म्हणजे वरचे स्वर, तारेची चमक, शब्दांतले स आणि श. शिवाय क्रिस्टल कार्ट्रिजमधला रोशेल क्षार दमट हवेत बिघडतो. साताऱ्याकडचा पाऊस कितीतरी वर्षं खाल्लेला प्लेअर कुजबुजल्यासारखा वाजतो त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. कार्ट्रिज बदलता येतं, पण त्या जड हाताला आजचं हलकं कार्ट्रिज बसवणं हा खटाटोप वाटतो तितका सोपा नाही. फिएस्टा जपा, त्यावर जुन्या रेकॉर्ड ऐका, नवी एलपी मात्र त्यावर लावू नका. चावीच्या ग्रामोफोनची स्टीलची सुई तर एलपीला एकदासुद्धा लागता कामा नये.

ऑनलाइन मिळणारे सुटकेससारखे स्वस्त प्लेअर आणि फिएस्टा यांत या बाबतीत फार फरक नाही. त्यांतही बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज आणि कठीण दगडाची सुई असते, भार तसाच जास्त, आणि स्पीकर त्याच पेटीत असल्यामुळे थरथर सुईपर्यंत पोचते. पैसे कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी एकच रेकॉर्ड घ्या, पण प्लेअर बरा घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी60एक्स हा त्यातला खालचा उंबरठा समजा. त्याचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण 3 ग्रॅमवर चालतं, सुई हिऱ्याची असते आणि सुटी बदलता येते. मूळ सुईचं टोक गोलसर असतं. त्याच कार्ट्रिजला बसणारी अंडाकृती टोकाची सुईही मिळते, आणि गळ्याच्या अल्बमसाठी ती घेण्यासारखी आहे. कारण पुढे सांगतो. थोडी जास्त ऐपत असेल तर भार स्वतः लावता येतो असा टर्नटेबल आणि त्यावर एटी-व्हीएम95ई सारखं कार्ट्रिज घ्या. त्याचा भार 2 ग्रॅम. बारीक डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो, तो वापराच. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. कमी भारात सुई खाचेत उडते आणि जास्तच ओरखडते.

जोडणीत एक चूक हमखास होते. कार्ट्रिजमधून फक्त 3-5 मिलीव्होल्ट येतात, म्हणून हा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप लागतो. प्लेअरमागच्या बटणावर फोनो आणि लाइन असे दोन पर्याय असतील आणि तुमच्या अँप्लिफायरलाही फोनोचं तोंड असेल, तर दोन्हीकडे फोनो प्रीअँप चालू राहता कामा नये. आवाज फाटका आणि बोजड आला तर आधी तिथे बघा. उलट, अगदी बारीक आणि किरटा आला तर एकही प्रीअँप मध्ये नाही असं समजा. प्लेअर भक्कम टेबलावर ठेवा, गवंड्याची छोटी पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी सपाट करा आणि स्पीकर दुसऱ्या टेबलावर ठेवा. वेग तपासायला यंत्र लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि मोबाइलचं घड्याळ लावून फेरे मोजा. एलपीच्या, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने बरोबर 3 मिनिटांत 100 फेरे व्हायला हवेत.

आता आवृत्ती. रंग बघण्याआधी प्रत्येक बाजूची मिनिटं मोजा. बँडकॅम्पच्या पानावर गाण्यांची लांबी दिलेली असते, कुठली गाणी कुठल्या बाजूला हेही बहुधा असतं. 12 इंची, 33⅓ च्या एलपीवर एका बाजूला 18 ते 20 मिनिटं आरामात बसतात. 22 चालतात. 25 च्या पुढे गेलं की खाचा दाटीवाटीने बसवाव्या लागतात, आणि त्यासाठी कोरणाऱ्याला आवाजाची पातळी उतरवावी लागते. पातळी उतरली की तुम्ही अँप्लिफायरचा कान पिळता, आणि गाण्याबरोबर खरखरही वर येते. शांत अल्बमला एक सवलत असते खरी. जोरदार खर्ज नसला की खाच कमी डोलते आणि जागा वाचते. त्यामुळे गिटार-गळ्याच्या अल्बमला 22-23 मिनिटांनी मी घाबरत नाही. पण एका बाजूला 26 मिनिटं दिसली तर रेकॉर्डऐवजी डिजिटल प्रत घ्या, असंच सांगेन.

बाजूचं शेवटचं गाणं कुठलं, तेही बघा. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत, लेबलाजवळ, जेमतेम 21. तेवढाच सूर निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. त्यामुळे आतल्या गाण्यात स, श, च ही अक्षरं थुंकल्यासारखी फुटतात. गोलसर टोकाच्या सुईला हे वळसे पकडता येत नाहीत, अंडाकृतीला बरेचसे येतात, म्हणून वर ती सुई सुचवली. जाणते कलाकार बाजूच्या शेवटी हळू आणि मऊ गाणं ठेवतात. अल्बमचं सगळ्यात टिपेचं गाणं बाजूच्या शेवटी असेल तर रेकॉर्ड वाईट ठरत नाही, पण तिथे साधी सुई उघडी पडणार हे धरून चाला.

रंगाबद्दल: काळी घ्या. निळी पारदर्शक मनापासून आवडली असेल तर तीही घ्या. आजच्या चांगल्या कारखान्यातली एकरंगी रेकॉर्ड काळीच्या तोडीची वाजते. शिंतोडे उडवलेल्या किंवा अंधारात चमकणाऱ्या रेकॉर्डबाबत मी सावध असतो. पिक्चर डिस्क मात्र या अल्बमसाठी नको. तिच्यात मधे छापील कागद आणि वर पातळ प्लॅस्टिकचा थर असतो, खाच त्या थरात दाबलेली असते, आणि पार्श्वभूमीला कायम सूंऽ असा आवाज येतो. ती भिंतीवर लावायला चांगली. 180 ग्रॅम या आकड्याला भुलू नका. जाड रेकॉर्ड हाताला छान लागते आणि जरा कमी वाकते, पण खाचेची खोली आणि आवाजाची प्रत वजनावर ठरत नाही. 140 ग्रॅमची नीट दाबलेली रेकॉर्ड हवी तेवढी चांगली असते.

इंडी कलाकारांच्या पानावर कधी "लेथ कट" असा शब्द दिसेल. ती साच्यात दाबलेली नसते, एकेक प्रत यंत्रावर कोरलेली असते, बहुधा 20 ते 50 प्रतींपुरती. कलाकाराच्या हातची आठवण म्हणून तिला मोल आहे, पण साच्यातल्या रेकॉर्डपेक्षा तिची खरखर बहुधा जास्त असते. शांत गाण्यांसाठी ती ऐकायची म्हणून घेऊ नका.

आणखी एक खूण म्हणजे व्हायनिलसाठी वेगळं मास्टरिंग केलंय का. श्रेयनामावलीत मास्टरिंग (ध्वनीची शेवटची जुळणी) किंवा लॅकर कटिंग (साच्यासाठीची मूळ तबकडी कोरणं) करणाऱ्याचं नाव असेल तर ती चांगली खूण. रेकॉर्डिंग बहुतेक डिजिटलच असतं, त्यात काही वाईट नाही. मात्र स्ट्रीमिंगसाठी कर्कश दाबून तयार केलेली फाइल जशीच्या तशी कोरली असेल तर एलपीवर ती सुखावत नाही. अल्बम येऊन काही महिने झाले असतील तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीचं पान उघडून खरेदीदारांचे शेरे वाचा. "नॉन-फिल" हा शब्द दिसला तर थांबा. साच्यात प्लॅस्टिक पुरतं न भरल्याने एकाच चॅनेलमध्ये चेन ओढल्यासारखा चर्रर्र आवाज येतो तो हा दोष, आणि तो धुऊन जात नाही. एकाने लिहिलं तर ती त्याची प्रत, पण चार-पाच जणांनी लिहिलं तर सगळ्याच प्रती तशा निघण्याची भीती. तिथेच वापरलेली प्रत घेत असाल तर व्हीजी-प्लस ("व्हेरी गुड प्लस", रेकॉर्डच्या स्थितीची प्रतवारी) च्या खाली उतरू नका. नुसती व्हीजी म्हणजे शांत जागी टकटक ऐकू येणारच.

पैशांचा हिशेब डॉलर 90 रुपये धरून करू. तुम्ही आजचा भाव घाला. 28 अधिक 30 म्हणजे 58 डॉलर, 5,220 रुपये. कार्डावर परकीय चलनाचे 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी असे साधारण 215. मग कस्टम्स. शुल्क नुसत्या रेकॉर्डवर लागत नाही, माल, वाहतूक आणि विमा मिळून लागतं, हे पुष्कळांना पार्सल दारात आल्यावर कळतं. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, पार्सल पोस्टाने आलं की कुरिअरने यावरही फरक पडतो, आणि कुरिअरवाले स्वतःचं हाताळणी शुल्क वर लावतात. म्हणून मी 35 टक्के बाजूला काढून ठेवायला सांगतो, म्हणजे इथे सुमारे 1,830. एकूण 7,265 च्या आसपास. कमी लागले तर उरले. विक्रेत्याला "गिफ्ट लिहून पाठवा" असं सांगू नका. गिफ्ट म्हणून येणाऱ्या पार्सलांची शुल्कमाफी 2019 च्या डिसेंबरमध्येच बंद झाली, आणि खोटी किंमत लिहिली तर माल अडकतो. केवायसीसाठी कुरिअरकडून आधार किंवा पॅन मागणारा मेसेज आला की कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ट्रॅकिंग क्रमांक टाकून खात्री करा, मगच कागद द्या. मेसेजमधली लिंक सरळ दाबू नका. आणि बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का ते आधीच बघा.

खर्च खरा कमी होतो तो एकत्र मागवून. समजा पहिल्या रेकॉर्डला 30 डॉलर पाठवणी आणि पुढच्या प्रत्येकीला 6. तीन मित्रांनी मिळून एकाच विक्रेत्याकडून घेतलं तर पाठवणी 42, म्हणजे माणशी 14. रेकॉर्डसह प्रत्येकी 42 डॉलर. 58 च्या जागी 42 हा फरक मोठा आहे. मागवण्याआधी मुंबईतल्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानालाही विचारा. त्यांच्या किमतीत शुल्क धरलेलं असतं, आणि वाकडी निघाली तर परत करणं परदेशापेक्षा खूप सोपं. अगदी लहान कलाकारांचे अल्बम मात्र तिथे क्वचित मिळतात. थेट बँडकॅम्पवरून घेतलं की वस्तूंवर बँडकॅम्पचा वाटा 10 टक्के, बाकीचे पैसे पेमेंटचे शुल्क वजा जाता कलाकाराकडे किंवा तिच्या छोट्या लेबलकडे जातात. हे कारण माझ्या दृष्टीने पुरेसं वजनदार आहे. सोबत बहुधा डिजिटल प्रतही मिळते, म्हणजे प्लेअर येईपर्यंत अल्बम ऐकता येतो.

मागवायची वेळही बघा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा 40 कडे जातो. बंद टेम्पोत किंवा उन्हातल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि रेकॉर्ड म्हणजे शेवटी पीव्हीसी, ती पापडासारखी वळते. प्रीऑर्डर असेल आणि पाठवणीची तारीख उन्हाळ्यात येत असेल तर विक्रेत्याला पावसाळ्यानंतर पाठवायची विनंती करा. इंडी रेकॉर्डच्या तारखा तशाही पुढे सरकतात. पत्ता असा द्या की जिथे दिवसभर कुणीतरी पार्सल हातात घेईल. गच्चीत किंवा गेटवर टाकून गेले तर तासाभराचं ऊनही पुरतं. विक्रेत्याला आणखी एक विनंती करा: सील नसेल तर रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, पण आतल्या पिशवीसकट पाठवा. प्रवासात रेकॉर्ड आत आपटत राहिली की कव्हरची शिवण वरून फाटते.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. वरचं पातळ प्लॅस्टिक पूर्ण काढून टाका. काही जण फक्त एक कड कापून ते ठेवतात, पण उन्हाळ्यात ते आवळत जातं आणि रेकॉर्ड वाकवतं. रेकॉर्ड थाळीवर ठेवून बाजूने डोळा लावा. हात थोडा वरखाली होत असेल पण सूर डोलत नसेल तर सोडून द्या. चेलोचा लांब स्वर लाटेसारखा हलत असेल तर एक तर रेकॉर्ड वाकलीय किंवा भोक मध्यावर नाही. भोक सरकलेलं असेल तर हात प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलताना दिसतो. अशा वेळी भारतातून परत पाठवायचा खर्च रेकॉर्डइतकाच येतो, त्यामुळे व्हिडिओ दाखवून दुसरी प्रत किंवा काही पैसे परत मागा. पेपालने पैसे दिले असतील तर तक्रारीला 180 दिवस मिळतात. म्हणूनच सील न फोडता "नंतर ऐकू" म्हणून ठेवू नका. स्वतःचा प्लेअर आला नसेल तर चांगला टर्नटेबल असलेल्या कुणाकडे नेऊन दोन्ही बाजू एकदा ऐका.

पहिल्यांदा वाजवण्याआधी कार्बन तंतूंचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर दोन फेरे धरा. नव्या रेकॉर्डवरही कागदी पिशवीची धूळ असते आणि ती स्थिर विजेने चिकटून बसते. तरी टकटक राहिली तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर फडकं, खाचेच्या दिशेनेच पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात. पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल एलपीला चालतं, पण तेच पाणी आजोबांच्या 78 च्या तबकड्यांना लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आतली कागदी पिशवी काढून पॉलिथिनच्या अस्तराची घाला.

ठेवायची ती उभी, घट्टही नको आणि तिरकीही नको, बाहेरच्या भिंतीला आणि जमिनीला न लागणाऱ्या फळीवर. कव्हरला बुरशी लागते ती जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला. तुमचं घर 2019 किंवा 2021 च्या पुरात पाणी शिरलेल्या भागात असेल तर रेकॉर्ड वरच्या मजल्यावर किंवा माळ्याजवळच्या फळीवर न्या. पत्र्याच्या छताखालचा माळा मात्र नको, तिथे उन्हाळ्यात टेम्पोसारखंच तापतं.

आता तुम्ही दोन गोष्टी कळवा: फिएस्टाच्या सुईचा जवळून काढलेला फोटो, आणि अल्बमच्या ए व बी बाजूची मिनिटं. दोन्ही बाजू 22 च्या आत असतील तर काळी प्रत आजच नोंदवा. प्लेअर महिन्या-दोन महिन्यांत आला तरी चालेल.